पेवाचं तोंड

आमच्या गावात एका वर्षी ज्वारीचं कणीस औषधालाही उरलं नव्हतं, असं मी सांगते तेव्हा माझी नातवंडं हसतात. आजीला तिखटमीठ लावून सांगायची खोड आहे, असं त्यांचं मत. खोड आहेच, मी नाकारत नाही. पण या गोष्टीला तिखटमीठ लागत नाही, आणि म्हणूनच ती मी इतकी वर्षं कुणापुढे नीट काढली नाही. अक्षरओळख मला फार उशिरा झाली, धाकट्या मुलाच्या पाटीवर त्याच्याच बरोबर गिरवत. आता हात थरथरतो, पण डोळे शाबूत आहेत, आणि अमरावतीच्या या घरात दुपारच्या वेळी म्हातारीला कुणी काम सांगत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात. चहूकडे काळी जमीन, इतकी सपाट की गावाबाहेर उभं राहिलं तर पलीकडच्या गावची चिंच दिसे आणि तिच्या पलीकडे काहीच दिसत नसे. उन्हाळ्यात या जमिनीला अशा भेगा पडत की शेळीचं पिल्लू पाय अडकून ओरडत राही. पावसाळ्यात तीच जमीन अशी चिकटे की वहाणा हातात घेऊन चालावं लागे, आणि गाडी तर चाकाच्या तुंब्यापर्यंत, म्हणजे पार आसापर्यंत रुते. श्रावणात झड लागली, म्हणजे दिवसचे दिवस पाऊस थांबेनासा झाला, की आमच्या गावाचं बेट होई. कुणाच्या घरी मयत झालं तरी सासरी असलेल्या लेकीला निरोप पोचत नसे. विहिरींचं पाणी खारट, त्यात डाळ शिजायची नाही. मायच्या हातची डाळ नेहमी थोडी कच्चट असे आणि अजूनही मऊ शिजलेलं वरण खाताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

घरात बाबा, माय, मी आणि आमचा सालदार किसना. बाबा उंचेपुरे, आवाज असा की वावरातून हाक मारली तर माय चुलीपुढून ओ देई. माझं नाव सखू, पण पाठीवर भाऊ नव्हता म्हणून ते मला सखाराम म्हणत आणि जातील तिथे बरोबर नेत. थट्टा करायची आणि मोठेपणा मिरवायचा, हे त्यांचे दोन शौक. माय मात्र मोजकं बोलणारी. तिचा दिवस जात्याच्या घरघरीने सुरू व्हायचा, आणि ती घरघर ऐकतच मी जागी व्हायची. भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, संध्याकाळी ताकातल्या कण्या. सणावाराला पुरण. यापलीकडे आम्हाला जेवण ठाऊक नव्हतं आणि कुणाची तक्रारही नव्हती.

मग कापसाला सोन्याचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी भावाभावांत लढाई जुंपली आहे आणि तिकडचा कापूस बंद झाला आहे, एवढंच गावाला माहीत. पण बघता बघता घरोघरी रेचे आले. रेचा म्हणजे सरकी वेगळी काढायचं लाकडी यंत्र; त्याची किरकिर सकाळपासून सुरू होई ती दिवेलागणीपर्यंत. कापसाचे तंतू भाकरीत, पाण्यात, नाकात. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. बाबांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, मायला पाटल्या केल्या, आणि स्वतःला जरीकाठी पागोटं घेतलं, जे घालून ते निंदणाच्या बायांवर देखरेख करायला जात. बाजारातून वरच्या मुलखातला गहू यायला लागला. ज्वारीची भाकर खाणारं घर म्हणजे मागे पडलेलं घर, असं लोक बोलू लागले. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कपाशी पेरली.

त्या हिवाळ्याची एक गोष्ट मला आठवते. पूर्वी ज्वारी निसवली की वावरावावरात मचाणं उभी राहत आणि दिवसभर पाखरं हाकायच्या आरोळ्या चालत. एकाची आरोळी थांबली की दुसऱ्याची सुरू. त्या वर्षी एकही मचाण नव्हतं. पांढरं वावर, त्यात वेचणाऱ्या बाया, आणि कुठे आवाज म्हणून नाही. पाखरं गावात आली. चिमण्यांचे थवेच्या थवे आमच्या अंगणात उतरत, माय सूप घेऊन बसली की तिच्या हातापर्यंत येत. उंदीरही घरात शिरले. माझ्या पायाला एकदा एक चावला. बाबा हसून म्हणाले, "सखाराम, थेही आता मोठ्या घरचे पाव्हणे झाले." मी हसले, पण मला ते आवडलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात काकाजी परत आले. मोतीराम काकाजी बाबांचे धाकटे भाऊ. बाबांशी भांडून ते तरुणपणी घरातून निघून गेले होते आणि पलटणीच्या तोफांचे बैल हाकायच्या कामावर लागले होते. पलटण जहाजात चढली, तशी त्यांचीही स्वारी चढली, आणि ते थेट चीनमध्ये उतरले. ते मेले असं समजून मायनं त्यांच्या नावानं पानही वाढलं होतं. काळं पाणी ओलांडून आले म्हणून जातवाल्यांनी त्यांना पंगतीबाहेर ठेवलं. बाबांनी भावापायी सगळ्या जातीला पुरणाचं जेवण घातलं, तेव्हा कुठे त्यांचं पान आत आलं. आलेला माणूस हाडकुळा, दाढीत पांढरं शिरलेलं, आणि तोंडाला विसावा नाही. आमच्या ओसरीवर रोज माणसं जमू लागली, चीनच्या गोष्टी ऐकायला आणि हसायला.

"थ्या मुलखात गाडीवाट म्हनून नाई," काकाजी सांगत. "वावरात पानी उभं, अन् दोन वावराच्या मधात एकच पाऊल मावंन एवढा बांध. मानूस खांद्यावर कावड घेऊन पयते. नाई तं एका चाकाची गाडी ढकलते, अन् वारा असला का तिले शीड लावते."

"शीड?" बाबा म्हणत. "मंग थे गाडी वावरात जाते का समुद्रात?"

सगळी ओसरी हसे. काकाजी चिडत नसत, उलट त्यांना आणखी चेव येई. तिकडे पूर्वजांच्या समाध्या वावराच्या मधोमध असतात आणि माणूस त्यांना वळसा घालून नांगर हाकतो, वीतभर जमीन रिकामी सोडत नाही. वाटाण्याच्या ओळीत कपाशी टोबतात, म्हणजे एक पीक निघेस्तोवर दुसरं वर येतं. नाल्यातला गाळ होडीत भरून झाडांच्या बुडाशी घालतात. आणि पहाटे गाडगी घेऊन दारोदार फिरतात, माणसाची घाण विकत घेतात आणि जमिनीला देतात. इथे मात्र माय चुलीपुढून ओरडे, "भाऊजी, जेवाच्या वक्ताले तरी नका सांगू हे!"

काकाजींनी आल्या आल्या गावाबाहेरच्या नाल्यातला गाळ आमच्या वावरात टाकायला सुरुवात केली, कपाशीच्या ओळीत चवळी लावली. चवळीवर मावा पडला आणि ती गेली. बाबांना थट्टेला महिनाभराचा माल मिळाला. मीही काकाजींना चिडवी. ते सारं खरं होतं की त्यातलं अर्धं समुद्रात बनलेलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट त्यांनी हसण्यावारी सांगितली नाही. पेरणीच्या आधीचे दिवस होते, बाबा बियाण्याची सरकी शेणात घोळत बसले होते आणि मी त्यांना पाणी घालत होते. काकाजी येऊन समोर बसले.

"दादा, मी एक गाव पायलं," ते म्हणाले. "चहूकडे तुतीच तुती. घराघरात टोपल्यायवर रेशमाचे किडे. थे पाला खातात तवा असा आवाज येते, जसा वायल्या पानावर पाऊस पडून राह्यला. थ्या दिवसात पाव्हण्याले दारातूनच परत पाठवत, किड्याले नजर लागंन म्हनून. धान कोनीच पेरत नव्हतं. कावून पेरंन? रेशमाले सोन्याचा भाव. धान नावेतून येत होतं."

"बरं मंग?"

"मंग लढाई लागली अन् नावा आल्या नाई. आमी बैल घेऊन गेलो तवा गावात मानूस नव्हता. तुतीची सालं सोलून खाल्लेली. घरात रेशमाचे ढीग होते, दादा, अन् चुलीत गवत उगवलं होतं."

बाबांचा हात क्षणभर थांबला. मग ते म्हणाले, "तुह्या चीनमंदी कोनाले आगगाडी मालूम होती? आता अमरावतीले आगगाडी येऊन राह्यली. उद्या काशीचा गहू खाशीन तू."

"आगगाडी अमरावतीले येईन. तिथून गावात काय उडत येईन धान? भर श्रावणात?" काकाजी म्हणाले. "नाल्याकाठचं वावर तेवढं जवारीले ठेव. बाकी सारं पऱ्हाटीले दे, मी शब्द नाई काढनार."

बाबांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि म्हणाले, "ठेवतो बाप्पा. ठेवतो." नाल्याकाठच्या वावरातही कपाशीच पेरली गेली. मी त्या दिवशी तिफणीमागे चालत होते. काकाजी बांधावर उभे होते, ते पाठ फिरवून घराकडे निघून गेले. बाबा वाईट माणूस नव्हते. सगळं गाव ज्या बाजूला पळतं त्या बाजूला ते चार पावलं पुढे पळत, एवढाच त्यांचा दोष.

शिवाय आमच्याकडे पेव होतं. आजच्या मुलांना पेव ठाऊक नसतं, म्हणून सांगते. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत माणसाला गिळेल एवढा खोल खड्डा खणायचा, वर तोंड जेमतेम अंग जाईल एवढं, आत पोट मोठं. आतून कडबा आणि तुराट्यांचं अस्तर द्यायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. आमचं पेव आजोबांनी खणलेलं, परसात, आणि कापसाच्या आधीच्या सुगीत ते गळ्यापर्यंत भरलं होतं, त्यातलं निम्मं अजून उरलं होतं. गावातल्या बाकीच्यांनी आपापली पेवं चांगला भाव आला तशी रिकामी करून टाकली. बाबांना विकायची गरज पडली नव्हती. ते म्हणत, जमिनीत आपला बाप बसला आहे, भ्यायचं कशाला?

त्याच उन्हाळ्यात बाबांनी परसात कापूस ठेवायला कौलारू कोठा बांधला. गावातला पहिला कौलारू कोठा, लोक बघायला येत. तो बांधताना जागा पुरेना म्हणून भिंत अगदी पेवाजवळ आली आणि कौलांची वळचण नेमकी पेवाच्या तोंडावर. काकाजींनी ते दाखवलं. बाबा म्हणाले, "कापूस घरात येऊ दे, मंग नाली खोदू." काकाजींनी स्वतः कुदळ आणली तर बाबांना राग आला, घर माझं आहे, म्हणाले. त्या शब्दानंतर काकाजींनी कुदळ ठेवून दिली.

पाऊस वेळेवर आला, जरा जास्तच आला. कपाशी गुडघ्याएवढी झाली आणि श्रावणाच्या सुरुवातीलाच झड लागली. कौलांवरून पडणारं पाणी परसात सारखं धबधबत असे. त्यानंतर थोड्या दिवसांनी परसात एक वास येऊ लागला. आंबूस, मोहाच्या दारूसारखा. मायनं शेजारी कुणी भट्टी लावली का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले सरकी कुजली असेल. किसना नाक वर करून कोठ्याच्या भोवती फिरला. म्हैस त्या बाजूला बांधली तर दावं तोडू लागली, म्हणून ती दुसरीकडे बांधली.

गावातलं धान्य संपलं. एकदम नाही, आधी गहू संपला, मग कुणाकडे ज्वारीचं पीठ संपलं, मग उसनं मागायची घरं संपली. दर्यापूरहून निघालेल्या धान्याच्या गाड्या नाल्यापलीकडे चिखलात रुतून पडल्या आहेत, असं एक माणूस पोहून आला त्यानं सांगितलं. पोतीही भिजून फुगली होती. उभ्या कपाशीनं भरलेलं शिवार आणि घरात दाणा नाही. आमच्या कणगीतलं मायनं थोडं थोडं वाटलं, मग आमच्याही कणगीचं बूड दिसलं. एका सकाळी शेजारच्या पार्वताकाकू आपली दोन पोरं घेऊन दारात उभ्या राहिल्या. पोरांची पोटं टम्म झालेली.

"बाई, कालपासून पोराईले सरकी उकडून देऊन राह्यली मी," त्या मायला म्हणाल्या. "थे बी त्याईच्या पोटात ठरत नाई."

सरकी म्हशीचं खाणं. बाबा ओसरीवर होते, त्यांनी ते ऐकलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि तो चेहरा थट्टेखोर माणसाचा नव्हता. ते उठले आणि म्हणाले, "पेव उघडतो."

पेव पावसाळ्यात उघडत नाहीत. उघडायचं ते उन्हाळ्यात, आणि तोंड उघडून ते आधी दिवसभर, रात्रभर तसंच मोकळं ठेवायचं. मग दोरीनं दिवा सोडायचा. दिवा तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर आणखी थांबायचं. कोंडलेल्या पेवाला भूक असते, असं म्हणतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही.

पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता, पण आभाळ खाली आलं होतं. फरशी सरकवली तसा तो आंबूस वास असा वर आला की आम्ही सगळे मागे झालो. काकाजी म्हणाले, "दादा, आज नको. घोंगड्याचा मांडव करू, उद्या सकायी पाहू."

"घोंगड्यातून पानी गयते," बाबा म्हणाले. "वळचणीचं पानी आदीच आत गेलं. आनखीन एक सर आली तं सारी जवारी नासंन. अन् थ्या पोराईले काय सांगू, उद्या जेवा?"

दोघांचंही खरं होतं. हेच मला आजवर छळतं. बाबांनी दिवा सोडला. तो थोडा खाली गेला, निळा झाला आणि गेला.

"वारा हाय," बाबा म्हणाले.

वारा नव्हता. परसातल्या शेवग्याचं पान हलत नव्हतं. किसनानं हात जोडले, "मालक, मले घराबाहेर काढा, पन आज मी नाई उतरनार."

"तुले कोनं सांगतलं? माह्या बापानं खोदलं, मीच उतरतो."

काकाजी दोर घेऊन पुढे आले. "मंग कमरेले हे बांध."

"मी का घागर हाय?" बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. पार्वताकाकूही हसल्या, मीही हसले. त्यांनी पागोटं काढून माझ्या हातात दिलं, भिंतीतल्या खाचांत पाय रोवत ते उतरले, आणि खालून त्यांचा आवाज आला, "सखाराम, टोपलं सोड."

मी टोपलं सोडलं. पहिलं टोपलं वर आलं ते काळी, गिचकी ज्वारी घेऊन. "वरचा थरच नासला," खालून आवाज आला, नेहमीपेक्षा जरा दमलेला. "खाली चांगली हाय. कोरडी हाय!" मी टोपलं पुन्हा सोडलं. दोरीला हिसका येईल म्हणून वाट पाहिली. दोरी सैल पडून राहिली. मी हाक मारली. काकाजींनी हाक मारली. मग काकाजींनी माझ्या हातातली दोरी घेतली आणि ओढली तर टोपलं रिकामंच वर आलं.

पुढचं सगळं फार लवकर झालं आणि फार वेळ चाललं. काकाजींनी कमरेला दोर बांधला, तोंडाला ओलं फडकं लावलं आणि उतरले. किसना, माय, पार्वताकाकू, मी, सगळ्यांनी दोर धरला होता. तो जड झाला तसं ओढलं. काकाजी वर आले ते डोळे पांढरे करून, जमिनीवर पडून ओकत. शुद्ध येताच पुन्हा उतरले. मायनं त्यांचा हात धरला होता आणि ती सारखं एकच म्हणत होती, "भाऊजी, एक गेला, दुसरा नका जाऊ." त्यांनी तो हात सोडवला. अखेर बाबांच्या काखेतून दोर घालण्याइतका श्वास त्यांना पुरला. आम्ही बाबांना वर ओढलं. तोंडावर कसलाही त्रास नव्हता, झोपल्यासारखे होते, आणि मिशांत ज्वारीचे दाणे अडकले होते. तळवे चोळले, सुपानं वारा घातला. मी ओरडत होते की दाणे काढा, त्यांना श्वास घेता येत नाही. कुणीतरी ते दाणे काढले. तेवढ्यात पाऊस आला, आणि पेवाचं तोंड झाकायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी काकाजीच उठले. घोंगड्या बांधून त्यांनी वर आडोसा केला आणि तोंड मोकळं ठेवलं, बाबांना सांगितलं होतं तसं.

लाकडं सगळी ओली. कोरड्या म्हणाव्यात तर कोठ्यात रचलेल्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं. त्या भुरकन जळतात, म्हणून पुरुष सारख्या नव्या मोळ्या घेऊन पावसातून धावत होते. बाबांच्या चुलतभावाच्या एका पोरानं अग्नी दिला. काकाजी तिथून आले ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि मला म्हणाले, "दोर बांधला असता तं, पोरी." पुढे ते पुष्कळ वर्षं जगले, माझं लग्न त्यांनीच लावून दिलं. चीनचं नाव मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आपापल्या घरून भाकर आणि पिठलं आणतात. घरच्यांनी आधी कडुलिंबाचं पान चावायचं आणि मग ते खायचं. त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांच्या घशाखाली काही उतरत नसतं, म्हणून शेजाऱ्यांनी बसून, हाताला धरून खाऊ घालायचं असतं. मोठ्या घरी मयत झालं तर इतक्या घरून भाकरी येतात की ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवशी आमच्या घरी कुणी आलं नाही. आम्ही तसेच पडून राहिलो. मला भूक लागली होती, आणि भूक लागल्याची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसदाराशी बायका उभ्या होत्या, पदर तोंडावर ओढून, रिकाम्या हातांनी. पुढे पार्वताकाकू. त्या म्हणाल्या, "बाई, तुह्या घरी कडू घास आनावा तं मूठभर पीठ नाई. कोनाच्याच घरात नाई. तोंड कसं दाखवावं म्हनून काल आलो नाई."

माय भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, ती आता रडेल. अजून रडलीच नव्हती. ती म्हणाली, "पेव उघडंच हाय."

बायका मागे सरल्या. एक जण म्हणाली, "त्या पेवातली? नको वो बाई."

"दुसरी हाय कोठी?" माय म्हणाली. "थ्याईनं पोराईसाठीच पेव उघडलं. घेऊन जा, दळा. आपापल्या घरी पहिले खाऊ घाला. मंग आमच्या घरी घास आना."

काकाजींनी दिवा सोडला. तो खाली गेला आणि ज्वारीवर टेकेपर्यंत जळत राहिला. दोर बांधून ते उतरले, नासलेला थर खरवडून बाजूला केला, आणि टोपल्यामागून टोपलं वर येऊ लागलं. आतली ज्वारी कोरडी, खडखडीत होती, बाबांनी ओरडून सांगितलं होतं तशीच. किसना ती बायकांच्या पदरात ओतत होता. थोड्या वेळानं गल्लीतल्या एका घरातून जात्याची घरघर सुरू झाली, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. कितीतरी दिवसांनी गावात तो आवाज होत होता. माय डोळे मिटून ऐकत होती.

दुपारी पार्वताकाकू भाकरी घेऊन आल्या. बेसन कुणाकडे नव्हतं, म्हणून सोबत नुसतं मीठ आणि आंबाडीचा पाला. त्यांनी आम्हाला कडुलिंबाचं पान दिलं. आम्ही ते चावलं. मग त्यांनी मायचा हात धरून घास मोडला आणि तिच्या तोंडाशी नेला. मायनं तो गिळला. काकाजींनी एक घास घेतला आणि तोंड फिरवलं. मी माझी भाकर खाल्ली. ती गरम होती, आणि काय सांगू, ती गोड लागली. इतकी गोड भाकर मी त्याआधी खाल्ली नव्हती आणि त्यानंतरही खाल्ली नाही. ती संपल्यावर मी आणखी मागितली. सगळ्या बायका खाली बघू लागल्या. मायनं आपल्या पुढ्यातली भाकर उचलली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.